जहाज नंतर, आधी पणजी : अमेरिकेतल्या वसाहतकालीन घराण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकी घराण्यांशी सोयरीक झालेल्या वाचकांची बरीच पत्रं आमच्याकडे आली आहेत. कुणाला जावयाच्या पूर्वजांबद्दल विचारायचं आहे, कुणाला सुनेच्या माहेरच्या, तर कुणाला नातवंडांच्या दुसऱ्या बाजूच्या. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेत आहोत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. व्याह्यांचं घराणं मूळचं मॅसॅच्युसेट्सचं. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली त्यांची वंशावळ १६३५ च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या माणसापर्यंत बारा पिढ्या मागे जाते. नातीला ती शाळेत दाखवायची आहे. ती खरी आहे का, हे आम्हाला पुण्यात बसून तपासता येईल?

उत्तर : येईल, आणि बराचसा भाग पैसे न भरता. पण सुरुवात १६३५ च्या जहाजापासून करू नका, नातीच्या पणजोबा-पणजींपासून करा. १६२० ते १६४० या काळात सुमारे वीस हजार इंग्लिश माणसं न्यू इंग्लंडला आली. त्यांच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांवर जाणकारांनी शतकभराहून अधिक काळ काम केलं आहे. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअलॉजिकल सोसायटीची (स्थापना १८४५) प्रकाशनं त्यासाठी भरवशाची आहेत. वंशावळ तुटते ती मध्येच, साधारण १७८० ते १८५० या पट्ट्यात. स्वातंत्र्ययुद्धानंतर कुटुंबं व्हर्मांट, पश्चिम न्यूयॉर्क, ओहायोकडे सरकली. नव्या वस्त्यांत जन्ममृत्यूची नोंद ठेवायला कुणी नव्हतं. नेमक्या याच जागी लोक नावसाधर्म्यावर पूल बांधतात.

आधी घरातले दाखले, बायबलमधली जन्मनोंदींची पानं, थडग्यांचे फोटो गोळा करा आणि १९५० च्या जनगणनेपर्यंत पोहोचा. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला झाली. तिथून दहा-दहा वर्षांनी मागे जा. १८९० ची जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, आणि आगीतून वाचलेलं पुष्कळसं पाण्याने खराब झालं. म्हणून १९०० वरून थेट १८८० वर जावं लागतं, आणि मधल्या वीस वर्षांत जन्मून लग्न होऊन गेलेली मुलगी निसटते. तिच्यासाठी लग्नाच्या नोंदी वेगळ्या पाहा.

१८८० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे. १८५० ते १८७० मध्ये नावं आहेत, नातं नाही. चाळिशीचा पुरुष, तिशीची बाई आणि पंधरा वर्षांचा मुलगा एका घरात दिसले, तर ती त्या मुलाची आई असेलच असं नाही. सावत्र आई, आत्या, मावशी, कुणीही असू शकेल. १८५० च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे. हे आकडे पुरावा म्हणून तोकडे आहेत, पण खोडून काढायला फार उपयोगी पडतात : १८३० मध्ये ज्या घरात दहा वर्षांखालचा एकही मुलगा नाही, तिथे तुमचा १८२४ चा मुलगा बसवणाऱ्या वंशावळीला जाब विचारता येतो.

या पट्ट्यात बापलेकाचं नातं सांगणारा कागद बहुधा काउंटीच्या (म्हणजे राज्याच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीतला असतो. मृत्युपत्र नसेल तरी वारसांत जमीन वाटल्याचा हुकूम असतो. तो नसेल तर भावंडांनी मिळून वडिलोपार्जित शेत विकल्याचं खरेदीखत असतं, आणि त्यात 'अमुकचे वारस' म्हणून सगळ्यांची नावं, मुलींच्या नवऱ्यांसकट, येतात. मुलींचा माग लावायला याहून चांगला कागद नाही.

पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर निवृत्तिवेतनाची फाइल काढाच. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाला शपथेवर विचारलं जाई : जन्म कुठे, कोणत्या साली, भरतीच्या वेळी कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिलात. ओहायोत मेलेल्या माणसाचं मॅसॅच्युसेट्समधलं जन्मगाव पुष्कळदा फक्त इथेच सापडतं. १८३६ पासून विधवांसाठीचे नियम सैल झाले. लग्न सिद्ध करण्यासाठी त्यांच्यापैकी काहींनी बायबलमधली नोंदींची पानं काढून अर्जाला जोडली, ती आजही फायलींत आहेत.

मॅसॅच्युसेट्समध्ये पाय ठेवल्यावर काम सोपं होतं, कारण तिथे जन्म, लग्न, मृत्यूची नोंद गावपातळीवर १६३९ पासून कायद्याने ठेवायची होती. राज्यपातळीवर ती १८४१ पासून आहे. १८५० पर्यंतच्या बऱ्याच गावांच्या नोंदी छापलेल्याही आहेत. त्यांत दोन ठिकाणी लोक चुकतात. लग्नाचा इरादा वधू आणि वर दोघांच्याही गावांत जाहीर होई. तो इरादा आहे, लग्न नव्हे, आणि पुष्कळ वंशावळींत त्याचीच तारीख लग्नाची म्हणून बसली आहे. दुसरी चूक काउंटीची. वुस्टर काउंटी १७३१ मध्ये निघाली. त्याआधीची तिथल्या माणसांची मृत्युपत्रं वुस्टरला शोधून काय मिळणार? ती मूळ काउंट्यांच्या दप्तरात, मिडलसेक्स किंवा सफकमध्ये, पाहावी लागतात. तालुक्याची फोड झाल्यावर जुने फेरफार जुन्याच कचेरीत राहतात, तसंच हे.

फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर खातं उघडा. तिथल्या 'शोधा' या चौकटीत नाव टाकून काही न मिळालं तर हताश होऊ नका. हजारो वह्यांची चित्रं तिथे आहेत, पण त्यांची नामसूची झालेली नाही. कॅटलॉगमध्ये काउंटीचं नाव टाका, प्रोबेट (मृत्युपत्रं आणि वारसा) किंवा जमीन हा विभाग उघडा, वहीच्या सुरुवातीची किंवा शेवटची हाताने लिहिलेली सूची पाहा, पान क्रमांक घ्या आणि त्या पानावर जा. २०२४ पासून तिथे हस्ताक्षर यंत्राने वाचून पूर्ण मजकुरात शोधायची सोयही आली आहे. साक्षीदार म्हणून कोपऱ्यात आलेलं नावही ती पकडते. वाचनात चुका असतात, म्हणून मूळ चित्र उघडून स्वतः वाचल्याशिवाय काही उतरवू नका.

शेवटी एका कागदावर बारा पिढ्या लिहा आणि प्रत्येक जोडीपुढे एकच गोष्ट नोंदवा : हा त्याचा मुलगा आहे असं कोणता कागद म्हणतो? जिथे उत्तर 'दुसरी वंशावळ' असं येईल, तिथे रेघ तुटक काढा. नातीच्या तक्त्यात तुटक रेघ असली तर बिघडत नाही. शिक्षिकेला तीच जास्त आवडेल.

प्रश्न : सुनेच्या घराण्यातल्या एका जोडप्याच्या पहिल्या मुलाचा जन्म २८ मार्च १७०१ चा आणि दुसऱ्याचा २ मार्च १७०१ चा लिहिला आहे. नोंद चुकली आहे का?

उत्तर : नोंद बरोबर आहे. इंग्लंडच्या वसाहतींत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे २८ मार्च १७०१ हा वर्षाच्या आरंभीचा दिवस आणि २ मार्च १७०१ हा त्याच वर्षाच्या अखेरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने १७०२ मधला. दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर आहे. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये : फाल्गुनात शक १६२३ असतो आणि पाडव्याला १६२४ लागतो, तितकंच हे सरळ आहे.

जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखांना जाणते लेखनिक दोन्ही सालं लावत : १७०१/०२. ते तसंच उतरवून घ्या, एक साल खोडू नका. १७५२ मध्ये दोन्ही बदल एकदम झाले. वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं, आणि २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरून अकरा दिवस गाळले. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२ चा, आणि आज त्याचा जन्मदिवस २२ फेब्रुवारी मानतात, ते यामुळेच.

महिन्यांचे आकडेही याच हिशेबातले. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांची नावं घेत नसत. त्यांच्या १७५२ पूर्वीच्या वहीत 'पहिला महिना' म्हणजे मार्च आणि 'तिसरा महिना' म्हणजे मे. इतरांच्या कागदांत '७बर' दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. '१०बर' म्हणजे डिसेंबर. संगणकाच्या वंशावळींत हे सर्रास चुकलेलं असतं.

प्रश्न : जावयाच्या व्हर्जिनियातल्या पूर्वजाचं १७४६ चं मृत्युपत्र मिळालं. थोरल्या मुलाला फक्त एक शिलिंग दिलं आहे. एका 'सन-इन-लॉ'चा उल्लेख आहे, पण मुलगी कुठेच नाही. 'माझी आताची बायको' असंही लिहिलं आहे. बापलेकांत भांडण होतं का? आणि ही दुसरी बायको समजावी का?

उत्तर : तिन्ही शब्द आजच्या अर्थाने वाचू नका.

एक शिलिंग हा राग नव्हे. बहुतेक वेळा त्या मुलाला लग्नाच्या वेळी किंवा वेगळं निघताना हिस्सा मिळालेला असतो. त्याचं नाव राहून गेलं, असा दावा पुढे कुणी करू नये म्हणून ते शिलिंग. १७४६ च्या आधीची खरेदीखतं आणि दानपत्रं पाहा. बापाने त्याला 'प्रेमापोटी' काही एकर दिल्याचा दस्त निघायची चांगली शक्यता आहे. तो शोधताना एक ध्यानात ठेवा. व्हर्जिनियात एकाच विक्रीचे लागोपाठच्या तारखांचे दोन कागद असत : आधी नाममात्र पैशांत एक वर्षाचा भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशी मालकी सोडल्याचा कागद. पहिलाच वाचून 'जमीन भाड्याने दिली' अशी समजूत करून घेऊ नका.

मृत्युपत्राशिवाय मेलेल्याची जमीन तिथे कायद्याने थोरल्या मुलाकडे जाई. हा नियम १७८५ च्या कायद्याने रद्द झाला. त्यामुळे काही मृत्युपत्रांत थोरल्याचं नावच नसतं, कारण जमीन त्याला आपोआप मिळणार होती. नाव नाही म्हणून मुलगा नाही, असं म्हणता येत नाही.

'सन-इन-लॉ' हा त्या काळी सावत्र मुलगाही असे. तुमच्या कागदात मुलगी नाही, म्हणजे त्या माणसाची आई हीच मृत्युपत्र करणाऱ्याची बायको असण्याचा संभव मोठा आहे. तिच्या आधीच्या नवऱ्याच्या मिळकतीचे कागद त्याच काउंटीत शोधा. 'कझिन' हा पुतण्या किंवा भाचाही असतो. 'ज्युनिअर' आणि 'सीनिअर' हे गावातल्या एकाच नावाच्या दोन माणसांना ओळखण्यासाठी लावलेले शब्द. त्यांच्यात नातं असेलच असं नाही, आणि थोरला वारला की धाकटा 'सीनिअर' होतो. 'ऑर्फन' म्हणजे वडील वारलेलं मूल. आई हयात असू शकते. चौदा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःचा पालक न्यायालयासमोर निवडू शके, म्हणून तशी नोंद मिळाली की वयाचा अंदाज पक्का होतो.

'आताची बायको' या शब्दांनी पहिली बायको होती असं सिद्ध होत नाही. आपल्यामागे हयात असलेल्या या बाईलाच हक्क मिळावा, पुढे होऊ शकणाऱ्या दुसऱ्या बायकोला नव्हे, एवढंच वकिली भाषेत सांगितलं आहे.

मृत्युपत्र लिहिल्याची तारीख आणि ते न्यायालयात शाबित झाल्याची तारीख या दोन्ही टिपा. मृत्यू त्यांच्या मध्ये कुठेतरी. साक्षीदार आणि जामीन यांची नावंही उतरवा. जामीन बहुधा विधवेच्या माहेरचा असतो. जमिनीच्या चतुःसीमेत येणारे शेजारी पुढच्या पिढीत व्याही झालेले दिसतात.

काउंटीचं दप्तर जळालं असेल तर? व्हर्जिनियात हे फार झालं आहे. यादवी युद्धात काही पूर्वेकडच्या काउंट्यांनी कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवले, आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर सोडताना लागलेल्या आगीत तेच जळाले. अशा वेळी राज्याच्या प्रती कामाला येतात : जमीनपत्रं, आणि १७८२ पासूनच्या जमीन व जंगम मालमत्तेच्या करयाद्या. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात त्या आहेत. करयादी वर्षावर्षाने वाचायची असते. बापाच्या नावाखालचा करपात्र मुलगा एके वर्षी स्वतःच्या नावाने वेगळा दिसू लागतो, आणि जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचं तिथे मृत्युपत्राशिवाय कळतं.

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीत राहतो. सुनेचे पूर्वज इथलेच डच. पण बापाचं आडनाव एक, मुलाचं दुसरं, आणि बायकांची आडनावं नवऱ्याशी जुळतच नाहीत!

उत्तर : जुळणार नाहीत. डच रिवाजात बहुतेकांना आडनाव नव्हतं, वडिलांचं नाव लावत. यानचा मुलगा पीटर तो पीटर यानसेन, पीटरचा मुलगा हेंड्रिक तो हेंड्रिक पीटरसेन. आपण मधलं नाव लावतो तसंच, फक्त पुढचं आडनाव वजा. १६६४ मध्ये इंग्रजांनी ही वसाहत डचांकडून घेतल्यावर हळूहळू कायमची आडनावं आली, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळी घेतल्याचीही उदाहरणं आहेत.

बायका चर्चच्या वहीत माहेरच्याच नावाने राहतात, आणि हे तुमचं भाग्य आहे. इंग्लिश नोंदींत 'अमुकची पत्नी मेरी' एवढ्यावर हात टेकावे लागतात. इथे बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई तिच्या पूर्ण नावाने असते. शिवाय बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा आजीआजोबा, आत्या, मामा असतात. पहिल्या मुलांना आजीआजोबांची नावं देण्याची पद्धत होती. एकाच जोडप्याच्या दोन मुलांचं एकच नाव दिसलं, तर बहुधा पहिलं मूल वारलं होतं.

तुमच्याच शहरातलं बर्गनचं चर्च १६६० चं, हॅकेनसॅकचं १६८६ चं. दोन्हींच्या वह्यांचे छापील उतारे मिळतात. न्यू जर्सीच्या १७९० ते १८२० च्या जनगणना जवळजवळ सगळ्या हरवल्या आहेत. तिथे ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारातल्या करयाद्या वापरा. राज्याची जन्ममृत्यू नोंद मे १८४८ पासून आहे.

प्रश्न : आडनावाचं कुलचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) विकत मिळतं. घ्यावं का?

उत्तर : नको. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला नसतं, माणसाला आणि त्याच्या सिद्ध झालेल्या वंशजांना असतं. छापील जुन्या कुलवृत्तांताबाबतही सावध राहा. गुस्ताव्ह आंजू (१८६३–१९४२) नावाच्या माणसाने श्रीमंत अमेरिकी घराण्यांना बनावट वंशावळी विकल्या. त्यांतल्या खोट्या पिढ्या अजून वंशावळींत उतरतात.

प्रश्न : आम्ही वसईचे ईस्ट इंडियन. जावयाच्या आईकडच्या, आज कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या घराण्यात, व्हर्जिनियातल्या १७०० च्या आसपासच्या एका पूर्वजापुढे 'ईस्ट इंडियन' लिहिलं आहे. तो आमच्यापैकी असेल का?

उत्तर : शब्द एकच असला तरी अर्थ वेगळा आहे. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती समाजाने हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. व्हर्जिनियाच्या कारकुनाच्या लेखी 'ईस्ट इंडियन' म्हणजे पूर्वेकडच्या देशांतून आलेला कुणीही, हिंदुस्थानच्या किनाऱ्यापासून पार आजच्या इंडोनेशियापर्यंतचा. नुसतं 'इंडियन' म्हणजे तिथला मूळ रहिवासी, म्हणून 'ईस्ट' जोडायचं.

अशी माणसं तिथे होती, याबद्दल शंका नको. १६३५ च्या एका जमीनपत्रात 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे, आणि अठराव्या शतकातल्या व्हर्जिनिया गॅझेटमध्ये पळून गेलेल्या ईस्ट इंडियन नोकरांच्या जाहिराती आहेत. त्यांतले पुष्कळ लंडनमार्गे, मालकाबरोबर नोकर म्हणून आले. मात्र जमीनपत्रातल्या यादीवरून येण्याचं साल ठरवू नका. समुद्रापलीकडून आणलेल्या दर माणसामागे आणणाऱ्याला ५० एकर मिळत, तो हक्क विकता येई, आणि वर्षानुवर्षांनीही वापरला जाई.

आता पुढचा माग. वर्णाचा शब्द धरून शोधू नका, नाव धरून शोधा. ज्याला एका कागदात 'ईस्ट इंडियन' म्हटलं, त्याची मुलं पुढच्या कागदांत 'मुलाटो' (मिश्रवर्णीय) होतात आणि नातवंडं 'स्वतंत्र निग्रो'. व्हर्जिनियात १६६२ पासून मुलाची स्थिती आईवरून ठरे. आई गोरी मोलकरीण असेल तर मूल जन्माने स्वतंत्र, पण १६९१ च्या कायद्याने निग्रो किंवा मुलाटो बापाच्या अनौरस मुलाला तीस वर्षांचं होईपर्यंत आणि १७०५ पासून एकतीस वर्षांचं होईपर्यंत चर्चवॉर्डन (चर्चचे स्थानिक कारभारी) कामाला बांधून देत. ही बांधणी काउंटी न्यायालयाच्या हुकूमवहीत असते, आईच्या नावासकट. म्हणून मृत्युपत्रांआधी त्या काउंटीची हुकूमवही वाचा, पानन् पान. मालकाने मुदतीनंतर सोडलं नाही म्हणून लोकांनी केलेले दावेही तिथेच आहेत, आणि त्यांत आजीपर्यंतची हकीकत येते. घराणं मध्ये कुठे गुलामगिरीत सापडलं असेल तर १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत वय, लिंग आणि वर्ण आहे, नाव बहुधा नाही. सगळ्यांची नावं १८७० च्या जनगणनेत येतात. अशा वेळी मालकाच्या मालमत्तेची यादी आणि मृत्युपत्र वाचावं लागतं.

नेहमीच्या डीएनए चाचणीत नऊ पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी ०.२ टक्के असतो, आणि प्रत्यक्षात तो शून्यही होऊ शकतो. 'दक्षिण आशिया १ टक्का' असं आलं किंवा काहीच आलं नाही, तरी त्यावरून निष्कर्ष काढू नका. त्या पूर्वजापासून बापाकडून मुलाकडे अखंड आलेला एखादा पुरुष वंशज हयात असेल, तर त्याची वाय-डीएनए चाचणी मात्र उपयोगाची आहे. ती रेषा पिढ्यांनी पातळ होत नाही. जावयाची स्वतःची चाचणी इथे चालणार नाही, कारण हे त्याच्या आईकडचं घराणं. आईचे भाऊ किंवा चुलतभाऊ त्या पूर्वजाच्या थेट पुरुषरेषेत येतात का, ते आधी कागदावर मांडून पाहा, आणि मगच कुणाला चाचणीसाठी विचारा.